लगाम ज्याच्या हातीं

महाभारतांतील नळोपाख्यान शिकवितांना मुलें आम्हांस एक प्रश्न हटकून विचारीत. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा राजा ऋतुपर्ण एका दिवसांत विदर्भांतील कुंडिनपुर गांठूं पाहतो. त्याचा सारथि बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नळ, अश्वशाळेंत जातो आणि घोडे निवडतो ते अगदीं कृश. राजा रागावतो; अशा अल्पप्राण घोड्यांनीं एवढा पल्ला कसा गांठावा, असें विचारतो. मुलांचाहि प्रश्न तोच असे : "गुरुजी, धष्टपुष्ट घोडे सोडून नळानें रोडके कां घेतले?" आम्ही ग्रंथांत दिलेलीं सुलक्षणें, अंगावरील भोंवरे, रुंद नाकपुड्या इत्यादि सांगून वेळ मारून नेत असूं. मुलांचें समाधान होई कीं नाहीं, देव जाणे. आमचें मात्र होत नसे. या प्रश्नाचें खरें उत्तर आम्हांस सेवानिवृत्तीनंतर मिळालें. तेंहि एखाद्या पाठशाळेंत नव्हे, तर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, आमच्या चिरंजीवांच्या गॅरेजमध्यें, पान्यांच्या व तेलकट फडक्यांच्या पसाऱ्यांत मिळालें. तीच हकीगत या महिन्याच्या लेखांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

चिरंजीव नोकरीनिमित्त सॅन होजे या शहरीं असतात. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां त्यांच्याकडे तीन महिने राहून आलों. पहिल्याच आठवड्यांत त्यांच्या मातोश्रींस असा शोध लागला कीं, घरांत एक नेहमीची मोटार असतांना चिरंजीवांनीं दुसरीहि एक, छप्पर उघडणारी, दोनच माणसांची मोटार बाळगली आहे; आणि तिचा उपयोग बाजारहाटासाठीं नसून वर्षांतून पांच-सहा वेळां एका बंदिस्त वाटेवर भरधांव फेऱ्या मारण्यासाठीं होतो! त्या रात्रीं त्यांस झोंप आली नाहीं. सकाळीं आम्हांस बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "अहो, तो तुमचें ऐकतो. ती गाडी त्याला विकायला लावा. एवढें एक काम केल्याशिवाय आपण परत जायचें नाहीं." आम्हीं कार्य पत्करलें. परंतु ज्या गोष्टीस नांवें ठेवावयाचीं ती आधीं नीट पाहावी, हा आमचा शिक्षकी पेशांतला जुना नियम. म्हणून आम्ही कांहीं दिवस कांहीं न बोलतां गॅरेजमध्यें एका स्टुलावर बसून पाहूं लागलों.

ती मोटार १९९२ सालची माझ्दा मियाटा. या गाडीचा जन्म मोठा मौजेचा आहे. हलक्या, उघड्या, दोन माणसांच्या मोटारी ही एके काळीं इंग्लंडची विद्या; १९६२ सालीं निघालेली लोटस कंपनीची एलान ही त्यांतली नामांकित. पुढें ती जात जवळजवळ लोपली. १९७९ सालीं बॉब हॉल नांवाच्या अमेरिकन मोटार-पत्रकारानें जपानांतील हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीचे केनिची यामामोतो यांस सुचविलें कीं, तसली साधी गाडी आतां कोणी करीत नाहीं, ती तुम्हीं करावी. दहा वर्षांनीं, १९८९ च्या फेब्रुवारींत, शिकागोच्या प्रदर्शनांत ती गाडी जगापुढें आली. आणि २०१६ च्या एप्रिलांत तिचा दहा लक्षावा नग कारखान्यांतून बाहेर पडला. तिच्या रचनेचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनीं आपल्या मंडळींस एक जपानी शब्द ध्येय म्हणून दिला होता : 'जिन्बा इत्ताइ', म्हणजे स्वार आणि घोडा यांचें एक शरीर. आमच्यासारख्या नळोपाख्यान शिकविणाऱ्याच्या कानावर हा शब्द पडतांच आमचें स्टूल गाडीच्या आणखी जवळ सरकलें, हें सांगावयास नकोच.

या गाडीचें इंजिन अवघें सोळाशें घनसेंटीमीटरांचें, शक्ति सुमारें ११६ अश्वांची. आजकालच्या कित्येक घरगुती मोटारींचीं इंजिनें याहून जबर असतात. परंतु गाडीचें वजन एक हजार किलोच्या आंतबाहेर. या एका आंकड्यांत तिचें सर्व रहस्य आहे. पण तें आम्हांस मागाहून कळलें.

जेथें ही गाडी पळते त्या ठिकाणाचें नांव लागुना सेका. स्पॅनिश भाषेंत याचा अर्थ कोरडें तळें. सॅन होजेहून दक्षिणेस सुमारें शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर, मॉन्टेरे गांवाजवळच्या टेंकड्यांत ही ३·६ किलोमीटरांची, अकरा वळणांची वाट आहे. तेथील शर्यती आधीं जवळच्या पेबल बीच येथें, झाडीमधून जाणाऱ्या रस्त्यांवर होत असत. १९५६ सालीं अर्नी मॅकॅफी नांवाचा चालक तेथें झाडावर आदळून मरण पावला आणि रस्त्यावरील शर्यती बंद झाल्या. पुढच्याच वर्षीं, १९५७ सालीं, लागुना सेकाची बंदिस्त वाट बांधून तयार झाली. म्हणजे ही वाट बांधली गेली ती वेगाच्या हौसेपोटीं जितकी, तितकीच एका मृत्यूच्या शिकवणीपोटीं. चिरंजीव जातात त्या दिवशीं तेथें शर्यत नसते. एखादा क्लब दिवसभरासाठीं ती वाट भाड्यानें घेतो; अनुभवाप्रमाणें चालकांचे गट पाडतात; एकेका गटास वीस-वीस मिनिटें मिळतात; नवशिक्यांच्या शेजारीं शिक्षक बसतो. पुढच्यानें हात दाखवून वाट दिल्याखेरीज मागच्यानें पुढें जावयाचें नाहीं. डोक्यास शिरस्त्राण सक्तीचें. हें ऐकून मातोश्रींच्या मनास फारसा धीर आला नाहीं. आम्हांस मात्र शिक्षक शेजारीं बसतो ही गोष्ट आवडली.

एके दिवशीं आम्हीं सरळच विचारलें, "अरे, या खेळांत तुला कधीं अपघात झाला आहे काय?" चिरंजीव क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाबा, आईला सांगणार नसाल तर सांगतों." आम्हीं वचन दिलें नाहीं, तरी त्यांनीं सांगितलें.

गाडी घेतली तेव्हां ती पंचवीस वर्षांहून अधिक जुनी होती. तरुणपणाच्या उत्साहांत चिरंजीवांनीं पहिला खर्च केला तो सायलेन्सरवर. मूळचा काढून मोठ्यानें गर्जणारा बसविला. लागुना सेका येथें आवाजाची मर्यादा कडक असते व वाटेच्या कडेस ध्वनिमापक यंत्र असतें. तिसऱ्या फेरींत काळें निशाण दाखवून त्यांस बाहेर काढण्यांत आलें. दिवस फुकट गेला. दुसऱ्या खेपेस मूळचा सायलेन्सर बसवून गेले. परंतु इंजिनांत हवा अधिक जावी म्हणून कांहीं नवीन जोडकाम करून घेतलें होतें. सकाळ मजेंत गेली. दुपारीं, सरळ वाटेवरून पुढच्या नागमोडी हेअरपिन वळणाकडे येतांना त्यांनीं ब्रेकचें पेडल दाबलें, तों तें कापसाच्या उशींत पाय जावा तसें तळापर्यंत गेलें. गाडी थांबेना. नशीबानें वळणाबाहेर याच कारणासाठीं वाळू व खडी पसरून ठेवलेली असते. गाडी तींत रुतून थांबली. कोणास इजा झाली नाहीं. "बाबा, त्या चार सेकंदांत मला एकच विचार आला," चिरंजीव म्हणाले, "कीं गाडी घेतल्यापासून मी ब्रेक-ऑइल एकदांहि बदललें नव्हतें. एका बाटलीची किंमत सायलेन्सरच्या एका नटाबोल्टाएवढी!"

येथें ब्रेकची विद्या थोडी समजून घेतली पाहिजे; कारण ती घरोघरच्या मोटारीसहि लागू आहे. आपण पेडल दाबतों तेव्हां तो दाब दांडीनें नव्हे, तर बारीक नळ्यांत भरलेल्या द्रवाच्या द्वारें चाकापर्यंत पोंचतो. तेथें तो दोन पॅड फिरत्या लोखंडी डिस्कवर दोन्ही बाजूंनीं आवळतो. घर्षणानें गाडीचा वेग उतरतो व त्याची उष्णता होते. या द्रवास मेकॅनिक ब्रेक-ऑइल म्हणतात, पण तें खरें तेल नव्हे. आणि त्याचा मोठा दोष असा कीं, तें हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतें. 'डॉट ४' जातीचें ताजें ब्रेक-ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळलें पाहिजे असा नियम आहे. त्यानें ओलावा धरला कीं ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येते. 'डॉट ३' जातीची तर २०५ वरून १४० वर. ऑइल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते. म्हणून पाय बुडबुडे दाबीत बसतो आणि चाकापर्यंत कांहींच पोंचत नाहीं. त्या दुपारीं घडलें तें हेंच.

उष्णता ती किती? आम्हीं पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. गाडीचें वजन एक हजार किलो आणि वेग ताशीं १६० किलोमीटरांवरून ८० वर आणावयाचा, असें धरलें. गतीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून वेग निम्मा झाला म्हणजे शक्तीचे तीन चतुर्थांश ब्रेकच्या माथीं येतात. उत्तर आलें सुमारें सात लक्ष चाळीस हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेनें दोन लिटरांहून अधिक पाणी साध्या गारव्यापासून उकळीस येईल. म्हणजे पंधरा माणसांच्या चहाचें आधण, आणि तें सुमारें तीन सेकंदांत! पावणेदोन-दोन मिनिटांची एक फेरी, अशा एका बैठकींत दहा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरींत ब्रेक मारण्याचीं ठिकाणें अनेक. हा हिशेब आम्हीं मातोश्रींस वाचून दाखविला. चहाच्या आधणाची उपमा त्यांस तत्काळ पटली; चिरंजीवांस मात्र त्या रात्रीं तो वाळूंतला प्रसंग आईपुढें कबूल करावा लागला.

त्या अपघातानंतर चिरंजीवांनीं कामाचा क्रम उलटा केला. आतां प्रत्येक खेपेच्या आधीं ब्रेक-ऑइल काढून नवें भरतात. या कामास दोन माणसें लागतात. दुसरें माणूस आम्ही. आम्हीं चालकाच्या जागीं बसावयाचें, आणि चिरंजीव चाकापाशीं आडवे पडून आज्ञा देणार : "बाबा, दाबा. धरून ठेवा." मग ते चाकाजवळचा स्क्रू सैल करीत, पारदर्शक नळींतून जुनें, तपकिरी ऑइल बुडबुड्यांसह बाटलींत येई, स्क्रू आवळल्यावर "सोडा" अशी आज्ञा मिळे. मुख्य पात्रापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून जवळच्यापर्यंत यावयाचें. स्क्रू आवळण्यापूर्वीं पाय उचलला तर बाहेरची हवा आंत ओढली जाते व सर्व श्रम वाया जातात. एकदां आम्हीं तसें केलें. "बाबा, सोडा म्हटल्याशिवाय सोडायचें नाहीं," असें चिरंजीव शांतपणें म्हणाले. आणि पस्तीस वर्षें वर्गांत जें वाक्य आम्हीं निरनिराळ्या रूपांनीं मुलांस ऐकविलें तें आज आम्हांस ऐकावें लागलें!

यानंतर पाहणी. पॅड किती जाड राहिले, डिस्कला चीर आहे काय, रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टांकी तपकिरी पडली आहे काय (ती तशी पडली म्हणजे तडकण्याचा काळ जवळ आला), इंजिनाचें तेल, पट्टे, चाकांचे नट. हे नट नुसते घट्ट असून भागत नाहीं. ठराविक जोर मोजणाऱ्या पान्यानें ते सुमारें शंभर न्यूटन-मीटरांपर्यंतच आवळतात, आणि प्रत्येक बैठकीनंतर पुन्हा तपासतात. टायरांतील हवाहि तशीच. सकाळीं २६ पौंड दाब भरला तर टायर तापल्यावर तोच ३१-३२ होतो. म्हणून गरम असतां मोजून जास्तीची सोडून द्यावी लागते. हें सर्व चिरंजीव एका वहींत तारीखवार लिहितात. ती वही पाहून आम्हांस फार समाधान वाटलें. शाळेंत असतांना गृहपाठाची वही त्यांनीं अशी ठेविली नव्हती.

आतां गाडींत केलेले बदल. त्यांचाहि क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. पहिला बदल डोक्याच्या रक्षणाचा. उघडी गाडी उलटली तर चालकाचें डोकें जमिनीस लागूं नये म्हणून आसनामागें पोलादी कमान बसविली आहे. तिच्या माथ्यापासून पुढच्या कांचेच्या माथ्यापर्यंत एक काठी आडवी धरावयाची. शिरस्त्राण घातलेलें डोकें त्या काठीच्या खालीं राहिलें पाहिजे. चिरंजीव उंच, त्यांचें डोकें काठीस लागत होतें. तेव्हां आसनांतील मऊ गादी काढून ते आतां जवळजवळ कठीण तळावर बसतात. दुसरा बदल पॅडचा. रस्त्यावरचे पॅड थंड असतां चांगले धरतात व अति तापले म्हणजे निसटूं लागतात. ट्रॅकचे पॅड तापल्यावर पकड घेतात आणि थंड असतां किंकाळ्या फोडतात. म्हणून ते तेथल्यापुरतेच. तिसरा बदल टायर व चाकांचा कल. वळणांत गाडीचें अंग बाहेर झुकतें व बाहेरचें चाक कडेवर चालूं लागतें. म्हणून चाकांचे माथे आधींच दोन-अडीच अंश आंत कलते ठेवतात. मग भर वळणांत टायर सपाट टेंकतो. याची किंमत अशी कीं, सरळ रस्त्यावर टायरांची आंतली कड लवकर झिजते. फुकट कांहींच मिळत नाहीं.

आणि इंजिन? तें मूळचेंच आहे. आम्हीं कारण विचारलें. चिरंजीव म्हणाले, "टर्बो बसविला तर शक्ति दीडपट होईल. पण मग उष्णता वाढली, म्हणून मोठा रेडिएटर. वेग वाढला, म्हणून मोठे ब्रेक. मोठे ब्रेक मावावेत म्हणून मोठीं चाकें. शक्ति पेलावी म्हणून क्लच." आम्हांस लंगोटीची गोष्ट आठवली. उंदीर लंगोटी कुरतडतात म्हणून बैराग्यानें मांजर पाळलें, मांजरास दूध हवें म्हणून गाय घेतली, गायीस चारा हवा म्हणून शेत, आणि शेत राखण्यास माणूस हवें म्हणून संसार थाटला! एक लंगोटी सांभाळतां सांभाळतां बैराग्य गेलें. चिरंजीवांनीं शक्ति वाढविण्याऐवजीं भार कमी केला आहे. ट्रॅकवर जातांना जादा चाक, जॅक, पायपुसणीं, सर्व काढून ठेवतात. शक्ति वाढविली तर गाडी फक्त सरळ वाटेवर जोरानें जाते. भार कमी केला तर ती जोरानेंहि जाते, लवकरहि थांबते आणि वळणांतहि सोपी पडते. पन्नास किलो उतरले तर आमच्या त्या पंधरा माणसांच्या चहांतील एक माणूस जवळजवळ कमी झाला. स्टुलावर बसल्या बसल्या आम्ही मोठ्यानें हंसलों. नळाचे रोडके घोडे आम्हांस समजले! पळण्याचा पल्ला लांब असतां घोड्यानें प्रथम ओढावयाचें तें स्वतःचेंच वजन. राजानें मांस पाहिलें; सारथ्यानें भार पाहिला.

अखेर तो दिवस आला. पहांटे पांचाला निघालों. मातोश्री आल्या नाहींत; दह्याचा हात मात्र चिरंजीवांच्या हातावर ठेवून त्या देवघरांत गेल्या.

तेथील आठवें वळण पाहावें. चालक चढ चढून वर येतो आणि पुढची वाट दिसतच नाहीं. ती एकाएकीं डावीकडे व मग उजवीकडे मुरडत १३७ मीटर लांबींत १८ मीटर, म्हणजे पांच-सहा मजले, खालीं कोसळते. बाटलीचें बूच काढण्याच्या मळसूत्रावरून तिचें नांव कॉर्कस्क्रू पडलें आहे. जी वाट दिसत नाहीं तिच्याकरितां चालक पलीकडचें झाड हेरून ठेवतात व त्याच्या रोखानें गाडी घालतात. ती लाल ठिपक्याएवढी गाडी माथ्यावर क्षणभर दिसे व खालीं नाहींशी होई, तेव्हां आमच्या पोटांत काय होत होतें तें येथें लिहीत नाहीं. दर खेपेस ती खालच्या वळणांतून बाहेर येई. इतक्या वर्षांत आम्ही त्यांस इतक्या एकाग्रतेनें कांहीं करतांना पाहिलें नव्हतें.

प्रत्येक बैठकीची शेवटची फेरी ते ब्रेक न मारतां हळू घेत. गाडी थांबवल्यावर हँडब्रेकहि ओढीत नसत. तापलेले पॅड डिस्कवर दाबून ठेवले तर उष्णता एकाच जागीं साठते. बॉनेट उघडून ते गाडीस वारा देत. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत आश्रमांत शिरण्यापूर्वीं सारथ्यास सांगतो कीं, मी परत येईपर्यंत घोड्यांच्या पाठी ओल्या करून ठेव. राजाची ती आज्ञा आम्हीं वर्षानुवर्षें केवळ भाषांतरापुरती शिकविली. तिच्यांत सारथ्यविद्येचा एक अख्खा धडा आहे, हें आम्हांस तेथें कळलें.

तिसरी बैठक संपवून चिरंजीव आले. अजून दोन उरल्या होत्या. पैसे भरलेले, ते परत मिळण्यासारखे नव्हते. ऊन सोनेरी पडलें होतें आणि त्यांचे मित्र पुढच्या फेरीस गाड्या रांगेंत लावीत होते. चिरंजीव म्हणाले, "पेडल अर्धा बोट खालीं गेल्यासारखें वाटलें." गाडी निवल्यावर त्यांनीं पुढचें उजवें चाक काढलें. पॅड अपेक्षेपेक्षां फार झिजून तीन-चार मिलिमीटरच उरला होता. पॅड पातळ झाला म्हणजे डिस्कची उष्णता सरळ ऑइलपर्यंत जाते. एक मित्र म्हणाला, अजून एक बैठक सहज निघेल. जरा जपून चालव म्हणजे झालें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर आमच्या जिभेवर शब्द आले होते. पण ज्या परीक्षेचा निकाल पाहावयाचा तींत उत्तर सांगावयाचें नसतें. चिरंजीवांनीं शिरस्त्राण पिशवींत घातलें, रस्त्याचे पॅड बसविले, आणि आम्हांस म्हणाले, "बाबा, या, पेडल दाबा. आज एवढेंच पुरे." घरीं येतांना राजरस्त्यावर त्यांनीं वेगाची मर्यादा एकदांहि ओलांडली नाहीं. आम्हीं कारण विचारलें नाहीं, तरी तेच म्हणाले, "इथें समोरून येणाऱ्यानें कुठें शिरस्त्राण घातलेलें असतें?"

मातोश्री दारांतच उभ्या होत्या. "सांगितलेंत का त्याला?" त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, "नाहीं. सांगावयाचें तें त्याला ठाऊक आहे." त्या आमच्यावर दोन दिवस रुष्ट होत्या. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं चिरंजीवांकडून ती वही मागून घेतली आणि चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. गाडी विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाहीं.

वाचक म्हणतील, परदेशांतील हा श्रीमंती खेळ आम्हांस काय करावयाचा? आपल्याकडेहि चेन्नईजवळ, कोइमतूर येथें व ग्रेटर नोएडा येथें अशा बंदिस्त वाटा आहेत; पण त्या राहूं द्या. आमच्या रस्त्यावरून रोज संध्याकाळीं तरुण मंडळी मोटारसायकलींचे सायलेन्सर बदलून गर्जत जातात. असे बदल मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या विरुद्ध आहेत, ही गोष्ट वेगळी; आम्हांस त्यांस एकच पुसावेंसें वाटतें : बाळांनो, ब्रेकवर शेवटचा पैसा केव्हां खर्च केलात? आणि गृहस्थांसहि विचारतों : तुमच्या मोटारीचें ब्रेक-ऑइल शेवटीं कधीं बदललें? साधारण दोन वर्षांनीं तें बदलावें. सुटींत मुलेंबाळें घेऊन आंबोली, खंबाटकी किंवा कसारा घाट उतरतां, तेव्हां पाय सारखा ब्रेकवर ठेवून उतरलां तर लागुना सेकाची ती दुपार तुमच्याहि वांट्यास येऊं शकते. आणि आपल्या घाटांत वळणाबाहेर वाळू पसरलेली नसते. उतारावर खालचा गिअर घालावा, इंजिनाकडून गाडी धरवावी, ब्रेक थोडा वेळ पण नीट दाबून सोडावा, त्यास निवण्यास अवसर द्यावा. पेडल मऊ लागलें तर हळू होऊन सुरक्षित जागीं थांबावें. उशीर झाला तर झाला.

नळोपाख्यानांतील एक गोष्ट आम्ही मुलांस सांगतांना घाईंत उरकीत असूं. भरधांव जाणाऱ्या रथांतून ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती तें सांगतो. बाहुकास तें पडताळून पाहावयाचें असतें. राजास घाई आहे, दिवस मावळण्यापूर्वीं कुंडिनपुर गांठावयाचें आहे. तरी बाहुक रथ थांबवतो, खालीं उतरतो आणि मोजूं लागतो. त्या थांबण्यांतूनच त्यास अक्षविद्या मिळते आणि इतकीं वर्षें अंगांत भिनलेला कलि त्याच्या देहांतून बाहेर पडतो. नंतर रथ निघतो तो संध्याकाळीं विदर्भांत पोंचतो. साऱ्या महाभारतांत वेगासाठीं गाजलेला सारथि हाच. आणि त्याचें कल्याण झालें तें तो भर वाटेंत थांबूं शकला म्हणून. पुन्हा वर्गावर जाण्याचा योग आला तर हा भाग आम्ही सावकाश शिकवूं.